ह्यांना दिसलं नसेल

सोमवार, ३ तारीख

डॉक्टरांचं म्हणणं, राग घरी नेऊ नका, वहीत लिहून काढा, रक्तदाब आपोआप उतरेल. म्हणजे दिवसभर बस चालवायची आणि वर ही कारकुनी. असो. आजचा राग लिहितो.

सकाळची दुसरी फेरी. भुरभुर पाऊस, बस खच्चून भरलेली, त्यात उशीर झालेला. पूल उतरून बाजाराच्या रस्त्याला लागलो तर पुढे एक डास. डेपोत आम्ही सायकलवाल्यांना डासच म्हणतो. अंगभर रेनकोट, डोक्यावर टोपी, बाई की बुवा तेही पाठीमागून कळेना. कडेनं जायचं सोडून चांगला हातभर आत, रस्ता बापाचा असल्यासारखा. मी हॉर्न दिला, माझा नेहमीचा, दोन छोटे. माणसानं त्यावर बाजूला व्हावं की नाही? ह्यानं मागे वळूनही न बघता हात वर केला. मला हात दाखवतो. माझी सटकली. म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतो बस केवढी असते ती. रेलिंगच्या बाजूला दाबत अशी चाटून काढली की मध्ये कागद सरकला नसता.

आमचा कंडक्टर, ज्याला सगळे पोपट म्हणतात, तो मागून म्हणाला, "दादा, जरा जास्तच झालं." म्हटलं, इतक्या वर्षांत माझ्या गाडीचा कुणाला ओरखडा नाही, तू आपली तिकिटं फाड.

शेवटच्या फेरीला घरासमोरून जाताना दोन हॉर्न दिले. ही रोज गॅलरीत येऊन हात वर करते. तेवढ्यानं माझा दिवसाचा शीण जातो, हे तिला कधी सांगितलेलं नाही. आज आली नाही. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, ऐकू आलं नाही. मनगटाला पट्टी, कोपराला औषध लावलेलं. ही हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, तिथं ओल्या फरशीवर पाय घसरला म्हणाली. म्हटलं, समोर बघून चालत जा जरा. ती हो म्हणाली.

लिहून राग उतरला का? थोडा उतरला असेल.

गुरुवार, ६ तारीख

साहेबांनी, म्हणजे डेपो मॅनेजरनी, केबिनमध्ये बोलावलं. बाजाराच्या रस्त्यावर एक घड्याळवाला आहे, त्याचा फोन आला होता. सोमवारी सकाळी आपल्या मार्गाच्या बसनं एका सायकलवालीला रेलिंगवर दाबलं, बाई पडली, सायकल वाकडी झाली. नाव सांगायला तयार नाही, तक्रार नको म्हणाली आणि सायकल ढकलत निघून गेली. घड्याळवाल्याला बसचा नंबर वाचता आला नाही, नुसता मार्ग कळला.

म्हणजे बाई होती.

त्या वेळी आपल्या मार्गाच्या दोन गाड्या मागोमाग होत्या. पुढे माझी, मागे पाहुण्याची. पाहुणा म्हणजे डेपोतला सगळ्यात नवा ड्रायव्हर, अजून पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो म्हणून हे नाव पडलं. साहेब म्हणाले, "तुमचा प्रश्नच नाही म्हणा, पण विचारायचं म्हणून विचारतो."

मी नाही म्हणालो.

कशाला नाही म्हणालो ते माझं मलाच नीट कळलेलं नाही. गाडी लागली नव्हती, हे खरं आहे. आरशात कुणी पडलेलं दिसलं नव्हतं, हेही खरं. आरशात मी बघितलं नव्हतं, तेही खरंच. केबिनमधून बाहेर आलो तर पाहुणा दारात उभा, आत जायची वाट बघत. मला बघून हसला.

शुक्रवार, ७ तारीख

पाहुण्याला रस्त्यावरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत गाड्या धुणाऱ्यांवर देखरेख. हातात काही काम नाही, पाण्याच्या नळीशेजारी उभा असतो.

पोपट आज दिवसभर बोलला नाही. ह्याचं तोंड बंद करायला एरवी पंचायत बसवावी लागते. डबाही वेगळ्या बाकावर बसून खाल्ला. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, काही नाही, दाढ दुखते.

त्यात आणखी एक बला. साहेबांनी नवीन टूम काढली आहे. ह्या मार्गावरच्या प्रत्येक ड्रायव्हरनं एक सकाळ आपल्याच रस्त्यावर सायकल चालवायची. समोरच्या काचेतून जे दिसत नाही ते दिसेल म्हणाले. आणि पहिला नंबर माझा, कारण पुढच्या महिन्यापासून नवीन ड्रायव्हरांना शिकवायचं काम माझ्याकडे येणार आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसून मान डोलावली.

आता खरं लिहितो, इथे कोण वाचायला येतंय. मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. लहानपणी घरात नव्हती, मोठा झाल्यावर शिकायची लाज वाटली, आणि नंतर एकदम बसचं स्टिअरिंग हातात आलं. एवढं धूड मी गल्लीतून उलटं काढतो आणि दोन चाकांवर मला उभं राहता येत नाही. डेपोत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

रविवार, ९ तारीख

हिला सांगितलं. सांगताना मान खाली. ती हसेल वाटलं होतं, हसलीच. पदराआड हसली, मग बाहेर येऊन हसली. मग म्हणाली, "मी शिकवते तुम्हाला."

"तुला येते?"

"भावाची चालवायचे की लग्नाआधी. तुम्ही कधी विचारलंत?"

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची सायकल मागून आणली. निळी, बरी आहे. बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत गेलो, तिथं कुणी येत नाही. ही मागून सीट धरून पळते आणि ओरडते, "चाकाकडे नका बघू, जायचंय तिकडे बघा." मी चाकाकडेच बघतो. तीनदा आपटलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा म्हणाली, "डास झालात हो तुम्ही." फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं थांबून बघत होतं. आजोबांनी लांबून सल्ला दिला. मी धन्यवाद म्हटलं, मनात वेगळं म्हटलं.

तिचं मनगट अजून सुजलेलं आहे, तरी सीट त्याच हातानं धरत होती. म्हटलं, दुसऱ्या हातानं धर. म्हणाली, दुसऱ्यानं जोर लागत नाही.

बुधवार, १२ तारीख

ड्युटी संपल्यावर परत गोदामामागे. आज थोडं अंतर गेलो. सायकल नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं, हँडल एका बाजूनं खरवडलेलं, घंटी चेपलेली, पॅडल वाकडं. म्हटलं, "शेजारणीनं काय दशा केली आहे. चालवता येत नाही तर रस्त्यावर न्यायची कशाला?"

ही घंटी पुसत होती. म्हणाली, "येते चालवता."

"मग हे काय?"

"पडली असेल एखाद वेळी. तुम्ही बसा, उजेड जाईल."

आज चिडल्यासारखी वाटली. पाय दुखत असतील.

संध्याकाळचा हॉर्न अजून वाया जातोय. गॅलरीचं दार बंद असतं. विचारलं तर म्हणते, भाजी फोडणीला असते त्याच वेळी. इतकी वर्षं नव्हती का भाजी?

रविवार, १६ तारीख

आज जमलं. ही सीट सोडून केव्हाच मागे थांबली होती आणि मी आपला बोलत चाललेलो, धरलंयस ना, धरलंयस ना. उत्तर आलं नाही तेव्हा वळून बघितलं आणि पडलो. पण त्याआधी गोदामाची एक पूर्ण बाजू एकट्यानं गेलो. ह्या वयात छाती भरून आली, हसण्यासारखं आहे. तिलाही आनंद झाला. डोळे पुसत होती, म्हणाली धूळ गेली.

घरी येताना तिला पाहुण्याचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. शुक्रवारी तो मला नळाजवळ गाठून म्हणाला, "काका, तुमची गाडी पुढे होती. तुम्हाला आरशात काही दिसलं होतं का? मला त्या रस्त्यावर कुणी दिसल्याचं आठवत नाही. पण माझ्याकडूनच झालं असणार. रात्र रात्र तोच विचार करतो. माणूस चाकाखाली जाता जाता वाचलं आणि मला पत्ता नाही, मग मी गाडी चालवायच्या लायकीचा नाहीच."

ही चालता चालता थांबली. "मग तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, पाऊस होता. दिसत नव्हतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी सायकलची साखळी बघत राहिलो. मग ती म्हणाली, "हो, पाऊस होता खरा," आणि पुढे चालू लागली. मी काही विचारलं नाही. ती बाई वाचली, तक्रार नाही, पाहुणाही महिन्याभरात गाडीवर येईल, असा हिशोब मी मनात मांडून ठेवला आहे. तो लिहायला घेतला की अक्षर वाकडं येतं. मला माझीच लाज वाटते आहे, हे डॉक्टरांना दाखवायचं पान नाही.

मंगळवार, १८ तारीख

आज माझी सकाळ होती. डेपोची सायकल, अंगावर चमकणारं जाकीट, साहेब फाटकापर्यंत सोडायला. निघालो.

कडेनं जा, कडेनं जा, असं मी आजवर किती जणांवर खेकसलो असेन. कडेला काय असतं ते आज बघितलं. गटाराच्या जाळ्या, त्यांच्या फटीत चाक अडकेल अशा. फुटक्या काचा. उभ्या गाड्या, आणि एका गाडीचं दार माझ्या तोंडासमोर उघडलं, उघडणारा फोनवर बोलत होता. हातभर आत आल्याशिवाय सायकल चालवताच येत नाही. ती मस्ती नसते.

पूल उतरलो. मागून हॉर्न. मागे बघता येईना, बघितलं की हँडल वळतं. पण हॉर्न ओळखीचा, आमच्या डेपोतल्या पैलवानाचा, तो लांबलचक देतो. आम्हा ड्रायव्हरांची सवय आहे, ओळखीच्या गाडीनं हॉर्न दिला की हात वर करायचा. न ठरवता हात वर गेला. एका हातावर सायकल डुगडुगली. पैलवानानं भरपूर जागा सोडली होती, तरी बसच्या वाऱ्यानं मी रेलिंगवर गेलो आणि पाय टेकून कसाबसा उभा राहिलो. पैलवान खिडकीतून हसत निघून गेला.

मी तिथंच उभा. वर केलेला हात खाली घ्यायचं भान नाही. हॉर्नला हात वर करतो तो शिवी देणारा नसतो. तो ओळखीचा असतो.

समोरच्या दुकानातून घड्याळवाला पाणी घेऊन आला. म्हातारा, एका डोळ्यावर ते भिंग तसंच. "बसा," म्हणाला. "ह्याच जागेवर त्या दिवशी ती बाई पडली. तुमच्यासारखंच, हात वर होता म्हणून सावरता आलं नाही. मी म्हटलं, चला, तक्रार करू. रडली नाही, ओरडली नाही. सायकल उचलली आणि म्हणाली, 'नको, ह्यांना दिसलं नसेल.' मी म्हटलं, कुणाला? तर सायकल ढकलत निघाली."

ह्यांना.

ड्रायव्हरला म्हणायचं तर माणूस म्हणेल, त्याला दिसलं नसेल. फार तर, त्यांना. ह्यांना असं बाई एकाच माणसाला म्हणते.

पट्टी बांधलेलं मनगट. बंद गॅलरी. निळ्या सायकलचं खरवडलेलं हँडल. सगळं माझ्या हातात आणून दिल्यासारखं होतं आणि मी घंटी चेपली म्हणून शेजारणीला नावं ठेवत होतो. पाणी तसंच परत केलं. घड्याळवाल्यानं विचारलं, लागलं का कुठं? मी मान हलवली. उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालत गेलो.

साहेबांनी विचारलं, कशी झाली फेरी? म्हटलं, झाली. आणि सायकल जागेवर लावायला गेलो.

बुधवार, १९ तारीख

काल घरी गेल्यावरचं लिहायचं होतं, धीर झाला नाही. आता लिहितो.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "ती तू होतीस."

हातातल्या टॉवेलची घडी तिनं पुरी केली. मग म्हणाली, "हो."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? सायकलवर जाते हे सांगायचं की पडले हे? जेवायला बसलं की तुमचं डास डास सुरू. म्हटलं, नीट हात बसू दे, मग सांगू. गुडघ्यांना चालणं झेपत नाही आता, म्हणून सायकल घेतली. शेजारणीची नाही ती, माझी आहे. तिच्याकडे ठेवते. रेनकोट तेवढा तिचा होता. एक दिवस तुमच्या बसपुढून ऐटीत जाऊन तुम्हाला चकित करायचं होतं." थोडं हसली. "तेवढं मात्र झालं."

आणि मी काय बोलावं? मी म्हणालो, "अगं, पण हॉर्न दिला होता मी. बाजूला का नाही झालीस?" अजूनही वाक्य आठवलं की कान तापतात. तिलाच जाब विचारत होतो.

ती म्हणाली, "दोन छोटे. ऐकला ना. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत मला. म्हणून हात वर केला, गॅलरीतून करते तसा. बाजूला कशाला होऊ? दुसरं कुणी असतं तर उतरलेच असते. म्हटलं, मागे हे आहेत."

खोलीत बसायला जागा होती, मी बसलो नाही. मला दिसलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य तिनं माझ्यासाठी कधीचं तयार करून ठेवलं होतं, मी नुसतं उचलायचं होतं. पण मला दिसलं होतं. सायकल दिसली होती, हातही दिसला होता. हात दिसला म्हणूनच मी दाबलं.

"दिसलं होतं गं," मी म्हणालो. "तू आहेस हे दिसलं नाही. माणूस आहे हे दिसलं होतं."

ती घड्यांचा ढीग उचलून कपाटाशी गेली आणि तिकडूनच म्हणाली, "एवढं नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

गुरुवार, २० तारीख

साहेबांना सगळं सांगितलं. पाऊस होता, उशीर झाला होता, हे मध्ये आणलं नाही. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलंच नाही खरं तर. उत्तर मीच देऊन टाकलं होतं." मला गाडीवरून उतरवलं आहे, चौकशी होईल. शिकवायचं काम तर गेलंच. तसंच हवं.

पाहुण्याची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. त्याला राग यावा, चार शब्द सुनवावेत, असं फार वाटत होतं. तो म्हणाला, "म्हणजे काका, माझ्याकडून नव्हतं झालं?" आणि हुश्श करून बाकावर बसला. मला एवढंही मिळालं नाही.

पोपट माझ्याशेजारी डबा घेऊन आला. म्हणाला, "दादा, मीही गप्पच बसलो होतो की." दोघांनी खाल्लं.

सोमवार, २४ तारीख

पाहुण्याच्या जागी आता नळीशेजारी मी उभा असतो. पैलवान म्हणाला, बायकोच होती ना, मग घरातलीच गोष्ट, एवढं काय मनाला लावून घेतोस. बरेच जण तसंच म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून. मी हिला हे सांगितलं नाही. ती बायको निघाली म्हणून मला इतकं झोंबलं, परकी असती तर अजून गप्पच असतो, हे मला कळतं. ते कुणाला सांगायची सोय नाही.

रविवार, ३० तारीख

हिला आज सुट्टी नव्हती. डेपोची सायकल मी मागून घेतली आहे. सकाळी विचारलं, "मी येऊ का हॉस्पिटलपर्यंत?"

"या की. रस्ता काय माझ्या एकटीचा आहे?"

ती पुढे, मी मागे. छान चालवते. पाठ ताठ, पाय एका लयीत. मी हिला इतक्या वर्षांत असं मागून कधी पाहिलंच नव्हतं, पाहिलं तेव्हा ओळखलं नाही. बोलतही होती, लाँड्रीतल्या कुणाचं तरी लग्न ठरल्याचं. मी हूं हूं करत होतो आणि मला वाटलं, बरं चाललंय, सरेल हे हळूहळू.

फक्त अगदी कडेनं चालवत होती. गटाराच्या जाळ्यांवरून, खडखडत. म्हटलं, "अगं, जरा आत घे, चाक अडकेल."

"असू दे."

पूल उतरलो. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. घड्याळवाल्याचं दुकान बंद. माझ्या मनात काही नव्हतं, खरंच काही नव्हतं, मूड बरा होता आणि अंगठा आपोआप घंटीवर गेला. दोनदा वाजवली, छोटी.

ती बोलता बोलता थांबली. ब्रेक लावला, मागे न बघता खाली उतरली, सायकल रेलिंगला भिडवली आणि अंग चोरून उभी राहिली, मला पुढे जाऊ द्यायला.

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मागे मीच आहे, हे तिला माहीत होतं.